विकणे आहे : मामांची वन टन

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचायची मला जुनी खोड आहे. बायको म्हणते, ‘घ्यायचं काही नसतं, मग वाचता कशाला?’ तिला कसं सांगावं, की दीडशे रुपयांच्या त्या चार ओळींत कधी कधी अख्खा संसार मावलेला असतो! ‘शिलाई मशीन, फारसं न वापरलेलं, विकणे आहे’ असं वाचलं, की मी त्या मशीनपेक्षा ते न वापरणाऱ्या बाईचाच जास्त विचार करतो.

पण गेल्या दिवाळीनंतर नागपूरच्या एका पेपरात आलेली जाहिरात वाचून मात्र मी खुर्चीतून उठलोच. जाहिरात अशी होती : ‘विकणे आहे. जुनी लष्करी फोर-बाय-फोर पिकअप. १९७२. संपूर्ण दुरुस्त, चालू हालतीत. हौशी माणसालाच. भंगारवाल्यांनी फोन करू नये. रिसाली, भिलाई.’ शेवटचं वाक्य वाचल्यावर खालचा फोन नंबर बघायची गरजच उरली नाही. ही भाषा आमच्या मामांची!

संध्याकाळी मामांचाच फोन आला. ‘भाच्या, येऊन जा दोन दिवस. गिऱ्हाईकं येऊन राहिली. तू पेपरात लिहितो, कागद-बिगद तुला समजतात. मला फक्त नटबोल्ट समजते.’

मामा मूळचे भंडाऱ्याचे. दुर्ग, रायपूर हा मुलूख आणि नागपूर-भंडारा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, हे आज अनेकांना आठवतही नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिला. १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि विदर्भातली कितीतरी घरं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हावडा लाइनने पूर्वेकडे सरकली. मामा त्यातलेच. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी चिकटले, ते साठीला निवृत्त होऊनच बाहेर पडले. सगळी नोकरी तपासणी खात्यात. भिलाईचे रूळ देशभरच्या रेल्वेत जातात. ते बाहेर पडण्याआधी त्यांत दोष आहे का, हे बघणाऱ्यांपैकी आमचे मामा एक.

निवृत्तीनंतर रिसालीत छोटंसं घर बांधलं. रिसाली म्हणजे पूर्वी भिलाईचाच एक भाग, आता तिथे स्वतंत्र महापालिका आहे. जवळच मैत्री बाग. भारत-रशिया मैत्रीची आठवण म्हणून केलेलं हे प्राणिसंग्रहालय तिथल्या पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. मामींची तक्रार अशी, की ‘पाहुणे वाघ पाहायला येतात आणि आमच्या अंगणातला हत्ती पाहून जातात!’

तो हत्ती म्हणजेच ही वन टन.

दुर्ग स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळची थंडी होती. घराचं फाटक उघडलं आणि समोर कडुलिंबाखाली ती उभी. ऑलिव्ह हिरवा रंग, तोही चकचकीत नव्हे, सैन्यात असतो तसा मंद. उंच चाकं, रुंद नाक, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, वर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी. शेजारच्या घरापुढची नवी कोरी गाडी तिच्यापुढे साबणाच्या वडीसारखी दिसत होती. मामा फडकं घेऊन आरसा पुसत होते. शहात्तराव्या वर्षी, एका गुडघ्यावर पट्टा बांधून.

या गाडीचं कुळ सांगायला हवं. चारही चाकांना जोर देणारी छोटी लष्करी गाडी जगाला माहीत झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या बँटम कंपनीने पहिला नमुना लष्करापुढे उभा केला, पण प्रचंड संख्येने जीप बनवल्या त्या विलीज आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्याच काळात डॉजने लष्करासाठी मोठे चारचाकी-जोराचे ट्रक केले आणि युद्ध संपल्यावर, १९४६ पासून, त्याचीच नागरी आवृत्ती ‘पॉवर वॅगन’ या नावाने शेतकऱ्यांना विकली. कारखान्यातून मोठ्या प्रमाणात निघालेली पहिली नागरी फोर-बाय-फोर पिकअप म्हणून तिचं नाव घेतात. तशी एखादी नीट केलेली पॉवर वॅगन विकायला निघाली, की आजही अमेरिकेत हौशी लोकांच्या उड्या पडतात.

आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. परदेशातून सुट्या भागांत आलेल्या विलीज जीप मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या.

मामांची गाडी मात्र मुंबईची नव्हे, जबलपूरची. स्वतंत्र भारताला सैन्यासाठी स्वतःची वाहनं हवी होती. १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने शक्तिमान ट्रक आला. पाठोपाठ जपानच्या निसान कंपनीच्या नमुन्यांवरून जबलपुरात दोन वाहनं बनू लागली. एक जीपवजा, तिचं नाव जोंगा. हे काही आफ्रिकन नाव नाही बरं का! जबलपूरच्या तोफगाडी कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तो शब्द झाला. दुसरी ही वन टन. कच्च्या वाटेने एक टन वजन वाहून नेणारी म्हणून ‘वन टन’. जवान, रेशनच्या गोण्या, पाण्याचे पिंप, काहीही हौद्यात टाका आणि चला. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. म्हणजे ताकद हत्तीची आणि आहारही हत्तीचाच!

जोंगाचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. नंतर ती विस्मरणात गेली असती, पण २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनी रांचीच्या रस्त्यावर जुनी निसान चालवताना दिसला आणि ज्यांना गिअर कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं, ते जबलपूरच्या गाड्या शोधू लागले. मामांकडे आलेल्या निम्म्या फोनांतलं पहिलं वाक्य एकच, ‘धोनीवाली गाडी है क्या?’ मामांचं उत्तरही एकच, ‘नही जी, मेरीवाली है.’

मामांनी ही गाडी १९९८ मध्ये घेतली. सैन्याने लिलावात काढल्यावर ती कुणा लाकूडवाल्याकडे गेली, त्याच्याकडून कुणा ठेकेदाराकडे आणि मग एका शेताच्या बांधावर सडत पडली. मामांनी पाहिली तेव्हा हौद्यात पाणी साचून बेशरमाची झाडं उगवली होती. दरवाजावरचे रंगाचे थर खरवडले, तर खालून लष्करी क्रमांक वर आला. आधी वर तोंड केलेला बाण आणि मग ७२ हा आकडा. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात दाखल झाल्याचं वर्ष. त्या आकड्यानेच मामांना भुरळ पाडली. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास ते स्वतःही नोकरीला लागले होते ना! ‘आम्ही दोघंही एकाच बॅचचे,’ असं म्हणाले.

दहा-अकरा वर्षं गाडी नुसती उभी होती. निवृत्तीनंतर मामांनी कामाला हात घातला. चासी उघडी केली, गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. कमानीचे पाटे बसले होते, ते भट्टीत तापवून पुन्हा बाक दिला. ब्रेकचे रबर वितळून गूळ झाले होते. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. एकेका भागासाठी जबलपूरच्या भंगारबाजारापर्यंत खेपा. पत्र्यावर लांबी मात्र थापू दिली नाही. म्हणाले, ‘लांबी लावून गोरी केलेली गाडी दोन पावसाळ्यांत तोंड दाखवते.’ हौद्याच्या फळ्या सागवानाच्या. सात वर्षं हे चाललं. मामींनी एकदा हिशेब केला, तेवढ्या पैशात दोन मुलींची लग्नं झाली असती. ‘आपल्याला मुलगी नाही,’ मामा म्हणाले. ‘म्हणूनच म्हटलं,’ मामी म्हणाल्या, ‘ही तिसरी तरी सासरी जाऊ द्या.’

आता जायची वेळ आली होती. गुडघा क्लच दाबू देत नाही. मुलगा पुण्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गाडी ठेवायला जागा अडीच मीटर. मामा म्हणाले, ‘मी गेल्यावर तो किलोवर विकेल. त्यापेक्षा मीच माणूस पाहून देतो.’

दुपारी आम्ही एक चक्कर मारली. घरामागच्या मोकळ्या जागेत नुकताच कुणी पाया खोदून मातीचा ढीग केला होता. मामांनी चाकाजवळ वाकून काहीतरी फिरवलं, आत येऊन छोटा दांडा ओढला आणि गाडी त्या ढिगावर अशी चढली, जणू पायरीच चढत होती.

आता हे फोर-बाय-फोर प्रकरण नेमकं काय, ते घरच्या भाषेत सांगतो. साध्या ट्रकमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. पुढची चाकं नुसती वळतात. मागची चिखलात रुतली, की संपलं. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. दांडा ओढला, की ती जोर पुढच्या आसालाही वाटून देते. शिवाय ‘लो’ नावाचा एक जास्तीचा गिअर असतो. त्यात वेग गोगलगाईचा, पण ओढ बैलजोडीची. मग सगळे नेहमीच फोर-बाय-फोरमध्ये का चालवत नाहीत? तर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर घेतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरून तो फरक भरून काढतं. डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो, त्यामुळे सगळा ताण दांड्यांवर आणि दात्यांवर येतो. म्हणून जुन्या गाडीचा दांडा चिखल आला की ओढायचा आणि रस्ता आला की सोडायचा. मामींनी यावर शेरा मारला, ‘संसारातही तसंच असतं. रोज रोज जोर लावला तर काहीतरी तुटतं.’

संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. रायपूरहून, मोठ्या गाडीतून. गृहस्थ जंगलाजवळ रिसॉर्ट काढत होते. त्यांना ही गाडी दारात उभी करायची होती, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून. हौद्यात फुलझाडं लावणार होते! मामांचा चेहरा पडला. पण आकडा ऐकून मामींचा खुलला. आकडा मी सांगत नाही, एवढंच सांगतो की मामांच्या सात वर्षांच्या खर्चाला तो पुरून उरत होता.

‘कागदाची काळजी करू नका,’ ते गृहस्थ म्हणाले. ‘फॉर्मवर फक्त सह्या द्या, नाव-तारीख कोरी ठेवा. रोख रक्कम आत्ता देतो. नावावर करून घेऊ आम्ही सवडीने.’

मामा सही करायला चष्मा शोधू लागले, तेव्हा मी म्हटलं, ‘मामा, एक रात्र जाऊ द्या.’

याच गोष्टीसाठी तर हा लेख लिहायला बसलो. आपल्यातले किती तरी जण जुनी स्कूटर, जुनी गाडी अशीच विकतात. कोऱ्या फॉर्मवर सही, हातात पैसे, आणि नमस्कार. गाडी गेली म्हणजे जबाबदारी गेली, असं आपल्याला वाटतं. पण ती गेलेली नसते. सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. एका गृहस्थाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती पुढे हातोहात फिरत राहिली, पण आरटीओच्या वहीत नाव पहिल्याचंच. २००९ मध्ये त्या गाडीच्या अपघातात एक मुलगा गेला. भरपाई कोणी द्यायची? फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, वहीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या, डोळ्यांनीही न पाहिलेल्या गाडीसाठी!

म्हणून विकणाऱ्याने स्वतः काळजी घ्यायची. त्याच राज्यात विकली तर चौदा दिवसांत आरटीओला फॉर्म २९ भरून कळवायचं. खरेदी करणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म ३० भरून नाव चढवून घ्यायचं. दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर आधी फॉर्म २८ वर ना हरकत दाखला. प्रत्येक सहीखाली नाव, तारीख आणि वेळ लिहायची. आणि हो, रोख रकमेचं प्रकरणही लक्षात ठेवा. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याला मंजूर नाही.

रात्री जेवणानंतर मी मामांना म्हटलं, ‘आरसी बुक दाखवा.’ मामांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं जुनं पुस्तक काढलं. वाचत गेलो. प्रकार : मालवाहू. चासी क्रमांक जुळला. मुदत केव्हाच संपलेली. आणि इंधन : पेट्रोल.

मी थांबलो. दुपारी गाडी सुरू केली तेव्हाचा तो खडखडाट कानात होता. ‘मामा, इंजिन तर डिझेलचं आहे.’

मामा काही बोलले नाहीत. फडताळाकडे बघत बसले.

हे काही एकट्या मामांचं नव्हे. १९७३ नंतर जगभर तेल महागलं, तेव्हा या पेट्रोल खाणाऱ्या गाड्या पोसणं कुणालाच परवडेना. गावोगावच्या मिस्त्रींनी मूळ इंजिन उतरवून मिळेल त्या गाडीचं डिझेल इंजिन बसवून दिलं. ठेकेदाराने या गाडीचंही तेच केलं होतं. मामांनी घेतली तेव्हापासून ती तशीच होती. कागदावर कुणी नोंद केली नाही, मामांनीही नाही. कॉलनीत सकाळी एक चक्कर मारण्यापुरती गाडी, कोण बघतंय?

पण कायदा बघतो. गाडीच्या नोंदीत जे लिहिलं आहे त्याहून वेगळं इंजिन, वेगळं इंधन घालायचं तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आधी परवानगी लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं बजावलं आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. मुदत संपलेली गाडी कॉलनीतसुद्धा फिरवायची नसते, ही तर त्याच्या आधीचीच गोष्ट.

मामांची सगळी आशा ‘व्हिंटेज’च्या नियमावर होती. तो नियम जुलै २०२१ मध्ये आला. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना वेगळी नोंदणी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. पण हा नियम रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट अशी, की चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. शिवाय नियमात उल्लेख आहे तो दुचाकींचा आणि प्रवासी चारचाकींचा. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप घेणाऱ्याने आधी आरटीओत विचारलेलं बरं. थोडक्यात, मामांची गाडी वयात बसत होती, पण इंजिनात अडत होती.

‘ते रिसॉर्टवाले काही विचारत नाहीत,’ मामा हळूच म्हणाले. ‘त्यांना तर फुलझाडं लावायची आहेत.’

तेवढ्यात मामी भांडी आवरता आवरता बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘अहो, अडतीस वर्षं तुम्ही मला काय सांगत आलात? रुळात केसाएवढी भेग असली तरी आम्ही बाजूला काढतो. वरून चकचकीत दिसतो म्हणून पुढे जाऊ देत नाही, त्यावरून माणसं जायची असतात. मग या गाडीतून काय बकऱ्या जाणार आहेत?’

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘कागद दे एक.’

गंमत बघा, ‘जुनं नवं करून देतो’ या शब्दावर आपल्या देशाने स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षांत हात पोळून घेतले आहेत. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधून दोन हजार रिकंडिशन्ड जीपचा सौदा झाला. त्यातल्या १५५ इथे पोहोचल्या, त्याही वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. संसदेत वादळ झालं, आणि १९५५ मध्ये सरकारने ते प्रकरण मिटलं असं जाहीर केलं. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा कशाचा, तर दुरुस्त केलेल्या जीपचा! गाडी दुरुस्त करणं हा काही गुन्हा नव्हे. काय मूळचं आणि काय बदललेलं, हे न सांगणं हा गुन्हा.

त्या रात्री मामांनी दोन रकाने आखले. डावीकडे ‘मूळ’, उजवीकडे ‘बदललेले’. अक्षर तपासणी खात्याचं, ठाशीव. मूळ : चासी, केबिन, दोन्ही आसं, ट्रान्सफर केस, बाणाचा क्रमांक. बदललेले : इंजिन, वायरिंग, ब्रेकचे सिलिंडर, फळ्या, सीट. मग एक तिसरा रकाना आखला, ‘दोष’. तळाच्या पत्र्यावर दोन ठिकाणी जोड. डाव्या दरवाजाची काच अडकते. लो गिअर थंडीत जड पडतो. शेवटी लिहिलं, ‘आरसीत पेट्रोल, गाडीत डिझेल. सध्या रस्त्यावर चालवण्याजोगी नाही.’ अकरा वाजले तेव्हा पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.

रिसॉर्टवाल्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी ते पान वाचून दाखवलं. ते हसले, म्हणाले, ‘काकाजी, इतकं कोण सांगतं?’ आणि आकडा अर्ध्यावर आणला. मामांनी चहा पाजून त्यांना फाटकापर्यंत सोडलं. मी परत मुंबईला आलो. वाटलं, गाडी काही आता जात नाही.

जाहिरात पुन्हा आली. या वेळी एक ओळ जास्त होती : ‘इंजिन मूळ नाही. दोषांची यादी मिळेल.’ जाहिरातीत दोष छापणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला!

पण याच ओळीने काम केलं. महिनाभराने जबलपूरहून एका तरुणाचा फोन आला. त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप. त्याच्याकडे वन टनचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, लिलावाच्या बिलासकट, लाकडी घोडीवर ठेवलेलं. पण त्या गाडीची चासी आणि केबिन गंजून गेली होती. एकाकडे देह, दुसऱ्याकडे काळीज! त्याने आधी किंमत विचारलीच नाही. विचारलं, ‘यादी पाठवता का?’ ती वाचून पुन्हा फोन केला, ‘लो गिअर जड पडतो म्हणता, तर आतला काटा झिजलाय का पाहिलं?’ मामांनी फोन कानाला लावूनच मामींना खूण केली : हाच!

किंमत रिसॉर्टवाल्यांच्या पहिल्या आकड्याच्या बरीच खाली ठरली. पण व्यवहार सरळ झाला. मामांनी थकलेला रोड टॅक्स भरला, आरटीओत चार खेपा घातल्या, ना हरकत दाखला हातात घेतला. पैसे बँकेतून आले. यादी स्टॅम्पपेपरवर उतरवून दोघांनी सह्या केल्या. पेट्रोल इंजिन बसवून त्याची नोंद करून घेण्याचं काम आता तिकडे व्हायचं आहे. परवानगी मिळेल की नाही, ते तिथले अधिकारी ठरवतील. तरुणाला हे ठाऊक आहे, कारण ते यादीतच लिहिलेलं आहे.

गाडी न्यायला मोठा ट्रेलर आला. मुदत संपलेली गाडी चालवत न्यायची नाही, हे मामांनीच बजावलं होतं. मी नव्हतो, पण मामींनी फोनवर सगळं सांगितलं. बॉनेटला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. मामांनी स्वतः चढवली ती. गुडघ्याला पट्टा बांधून, लो गिअर टाकून, फळ्यांच्या उतारावरून इंच इंच. आयुष्यभर दुसऱ्यांना चिखलातून ओढणारी गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मामा फाटकात उभे होते.

‘रडले का हो?’ मी विचारलं.

‘छे,’ मामी म्हणाल्या. ‘आत येऊन पहिल्यांदा त्या दाखल्याची झेरॉक्स खिशात नीट घडी करून ठेवली. मग म्हणाले, अंगण मोठं झालं. आणि मग संध्याकाळपर्यंत काही बोललेच नाहीत.’

हल्ली कडुलिंबाखाली खुर्ची टाकून मामा पेपर वाचतात. छोट्या जाहिराती आधी. परवा फोनवर म्हणाले, ‘भाच्या, दुर्गला एक जुनी मोटारसायकल विकायला निघाली आहे. लिहिलं आहे, संपूर्ण ओरिजनल.’ जरा थांबून म्हणाले, ‘दोषांची यादी मागवली आहे.’